एक जूनचं गाव

सुलेखा कधी दार वाजवायची नाही. खेड्यात दार वाजवतो तो तलाठी, नाहीतर पोलीस. ती अंगणाच्या कडेला चपला काढायची, "घरात हायेत का कोणी?" अशी एक हाक द्यायची आणि गोठ्याकडं बघत उभी राहायची, जशी काही म्हशीलाच भेटायला आली आहे. मग घरातलं माणूस आपणहून बाहेर यायचं. त्याला ती आधी म्हशीचं विचारायची, मग पाण्याचं, आणि मगच पिशवीतून टॅब काढायची.

अकरा वर्षं तिचं हेच काम होतं. सर्व्हे करायचा. साबण कोणता लावता, भाजीला तेल कोणतं वापरता, बाळाला डोस पाजले का, सरकारनं बांधून दिलेल्या संडासात जाता की त्यात सरपण ठेवता. सगळं विचारून झालं होतं. संस्था बदलायच्या, प्रश्न बदलायचे, काम संपलं की नारळ मिळायचा. पण सुलेखाचा जीव या कामात रमला होता. सिल्लोड तालुक्यात, बौद्धवाड्यातल्या केसरबाईची ही लेक. केसरबाईनं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून तिला शाळेत घातलं. पुढं लग्न झालं, नवरा राजेंद्र चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला, तिथंच दोन खोल्या झाल्या, आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता करता सुलेखाला हे काम सापडलं. लहानपणी ती आईच्या मागं मागं हिंडत सारखं काहीतरी विचारत असायची. केसरबाई वैतागून म्हणायची, तुझं तोंड हाय का चाळणी? आता त्याच चाळणीवर घर चाललं होतं.

त्या वर्षी मे महिन्यात सीमेवर चार दिवस तोफा वाजल्या आणि थांबल्या. जूनमध्ये औरंगपुऱ्यातल्या एका संस्थेतून सुलेखाला फोन आला. वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्यानं चढून जायचं, अशी ती कचेरी. तिथं अभय सर म्हणून परदेशातल्या विद्यापीठात शिकवणारे एक प्राध्यापक आले होते. मूळचे पुण्याचे, बोलायला साधे. वीस वर्षं ते एकच गोष्ट धुंडाळत होते. लढाई करावी की करू नये, असं साध्या माणसाला का वाटतं, कोणाला जास्त वाटतं, कोणाला कमी, आणि ते कशावरून ठरतं. वेगवेगळ्या देशांत जाऊन त्यांनी हे विचारलं होतं. आता ते इथं विचारायचं होतं, शहरात आणि खेड्यात.

त्या दिवशी सुलेखा जिना उतरली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. चिकलठाण्याला जाईपर्यंत रिक्षात तिला धीर धरवेना. राजेंद्र कामावरून आला तसं तिनं सांगितलं, की आजवर लोकांना साबण विचारला, आता लढाई विचारायची आहे. राजेंद्र जेवता जेवता म्हणाला की त्यात काय विचारायचं, टीव्हीवर रोज तेच चाललंय. सुलेखा म्हणाली, टीव्हीवर बोलणाऱ्याला विचारतात. ज्याला बोलता येत नाही त्याला कुठं कोणी विचारलं?

अभय सरांनी शिकवलेल्या नियमांत एक नियम तिच्या मनात फार बसला. घरात गेलं की जो पुढं येऊन बोलेल त्याला विचारायचं नाही. पुढं येणारा नेहमी एकच असतो, घरातला मोठ्या आवाजाचा. त्याऐवजी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचे वाढदिवस विचारायचे आणि ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडं होऊन गेला असेल, त्याच्याशीच बोलायचं. मग तो सासरा असो की सून. वाढदिवसाला आवाज नसतो, असं सर म्हणाले होते. सुलेखाला वाटलं, इतका न्यायाचा नियम आपण दुसरा ऐकला नाही.

आणि प्रश्नांमधला मोठा प्रश्न असा होता, की पुन्हा युद्ध झालं तर त्यात देशाचं भलं होईल, असं तुम्हाला किती वाटतं? त्याचं उत्तर तोंडानं द्यायचं नव्हतं. समोर एक ताटली आणि दहा बटणं ठेवायची. अजिबात वाटत नसेल तर ताटली रिकामी ठेवावी, पुरतं वाटत असेल तर दहाही टाकावीत. शहरातल्या पोरांनी बटणं नेली. सुलेखानं बटणं परत केली आणि घरून मक्याचे दहा दाणे पदराला बांधून घेतले. मका हातात घेतला की सिल्लोडकडचा माणूस बोलायला लागतो, हे तिला ठाऊक होतं.

तीन आठवड्यांत तिनं चौसष्ट घरं केली. मका गुडघ्याएवढा झाला होता, कपाशीला पहिली खुरपणी चालली होती, माणसं रानात असायची. ती बांधावर बसून थांबायची. एकही घर तिनं सोडलं नाही, एकही नियम मोडला नाही. आणि दाणे पडत गेले, आठ, नऊ, सात, दहा. ती ताटलीत दाण्यांचा आवाज ऐकायची आणि टॅबमध्ये आकडा लिहायची.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अतुलनं तिला कचेरीत बोलावलं. अतुल म्हणजे सगळ्यांचे फॉर्म तपासणारा तरुण. शहरात वाढलेला, हुशार, जिभेला थोडी धार. त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला. तिच्या चौसष्ट फॉर्मांपैकी एकावन्नांपुढं लाल खूण होती.

"ताई, एकावन्न माणसं," अतुल म्हणाला. "सगळ्यांची जन्मतारीख एक जून. सगळं गाव काय एकाच दिवशी बाळंत झालं का?"

सुलेखाला आधी हसू आलं. तिनं सांगितलं की खेड्यात तसंच असतं. आईबापाला तारीख ठाऊक नसायची, म्हणून शाळेतले मास्तर एक जून लिहायचे. अतुल हसला नाही. शहरातल्या फॉर्मांमध्ये असं कुठं नव्हतं. मशीन म्हणतं की एका माणसानं झाडाखाली बसून फॉर्म भरले की असंच होतं, एक सोपी तारीख सारखी सारखी पडते. सुलेखा म्हणाली, टॅबमध्ये जागा दिसते ना, मी गावात गेले होते. अतुल म्हणाला, गावात गेला होतात हे दिसतं, घरात गेला होतात हे दिसत नाही.

आणि त्याच्याकडं आणखी एक गोष्ट होती. दिल्लीच्या कॉल सेंटरमधून तिच्या माणसांना तपासणीचे फोन गेले होते. पहिल्या सहा जणांपैकी पाच जण म्हणाले, आमच्याकडं कोणी आलं नव्हतं, आम्ही कोणाशी बोललो नाही.

लाल खूण समजावून सांगता येते. पण ज्यांच्या ओट्यावर बसून तिनं ताक प्यायलं, त्यांनीच ती आली नव्हती म्हणावं? खोटे फॉर्म भरणारी असा एकदा शिक्का बसला की या शहरातली कुठलीच संस्था दारात उभी करत नाही, हे तिला माहीत होतं. पण त्याहून जास्त तिला ते चौसष्ट लोक डोळ्यांपुढं दिसत होते. त्यांनी दाणे टाकले होते. ते सगळे आता कचऱ्यात जाणार होते.

अभय सर आतल्या खोलीत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानानं ते जाणार होते, आणि सिल्लोडचे फॉर्म ठेवायचे की काढून टाकायचे हे त्याआधी ठरायचं होतं. त्यांना ते काढवत नव्हते, कारण त्यातून मोठीच गोष्ट दिसत होती. शहरातल्या माणसानं सरासरी पाच बटणं टाकली होती आणि खेड्यातल्यानं आठ दाणे. आजवर कुठल्याच देशात खेड्याशहरात एवढा फरक त्यांना दिसला नव्हता. पण फॉर्मच खोटे असतील तर सगळंच गेलं.

सुलेखा त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं आपण रडू. रडली नाही.

"सर, मला काढायचं तर काढा," ती म्हणाली. "पण आधी एक गाव बघा. तुम्ही निवडा, मी नाही."

सरांनी यादी घेतली आणि डोळे मिटल्यासारखं करून बोट ठेवलं. केळवाडी.

सकाळी सात वाजता गाडी निघाली. अतुल चालवत होता, सर त्याच्या शेजारी, सुलेखा मागं. जळगाव रस्त्यावर दोन्ही बाजूंना हिरवा मका डोलत होता. अतुल मध्येच म्हणाला की गावाला आधी फोन करून शिकवून ठेवलं नाही ना ताई, आणि सुलेखानं आपला फोन काढून त्याच्या पुढ्यात टाकला. घे, तूच ठेव. तिला भीती वाटत होती, पण नुसती भीती नव्हती. आपण खरे आहोत हे ज्याला ठाऊक असतं, त्याला परीक्षेला जाताना एक वेगळाच आनंद असतो.

केळवाडीत पहिलं घर सांडूआबांचं. सत्तरीचा म्हातारा, डोक्याला पांढरं मुंडासं, ओट्यावर दोरी वळत बसलेला. गाडी थांबली, अतुल उतरला आणि त्यानं विचारलं की आबा, तुमच्याकडं युद्धाबद्दल विचारायला कोणी आलं होतं का? सांडूआबांनी मान खाली घालून दोरीला पीळ दिला.

"आपल्याला काय म्हाईत नाय," ते म्हणाले. "आपल्याकडं कोणी आलं नव्हतं."

अतुलनं सरांकडं बघितलं. तेवढ्यात मागचं दार उघडून सुलेखा खाली उतरली. आबांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि दोरी सोडून उभेच राहिले.

"अगं तू व्हय! मग तसं सांगायचं ना. मला वाटलं फोनवाले आले."

मग सगळं उलगडलं. आबांना हिंदीत फोन आला होता. युद्धाबद्दल कोणाशी बोललात का, असं कोणी अनोळखी माणूस दरडावून विचारतो, तर शहाण्यानं काय म्हणावं? थोरला पोरगा गोकुळ यानं आधीच बजावून ठेवलं होतं, फोनवर कशालाच हो म्हणायचं नाही. आबांनी आजूबाजूच्या चार घरांनाही तसंच सांगितलं होतं. त्यांना त्याचा मोठा अभिमान होता. सुलेखा कपाळाला हात लावून हसायला लागली. सर पण हसले. अतुल तेवढा गंभीर राहिला. त्यानं जन्मतारीख विचारली.

"एक जून," आबा म्हणाले.

"आणि खरी?"

"खरी आईला म्हाईत व्हती. ती गेली."

आबांना मग गोष्टच सापडली. त्यांना शाळेत नेलं त्या दिवशी मास्तरांनी वय विचारलंच नाही. डोक्यावरून उजवा हात न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं, लिहा पहिलीत. नाही लागला तर पुढल्या वर्षी या. "माझा हात पहिल्यापासून लांब," आबा म्हणाले, "म्हणून मी एक वर्ष आधीच सहा वर्षांचा झालो." आणि बसल्या जागी त्यांनी आपला सुकलेला हात डोक्यावरून नेऊन कान धरून दाखवला. सत्तर वर्षांचा माणूस पुन्हा सहा वर्षांचा झाला.

शाळा जवळच होती. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेलं, कडा वाळवीनं खाल्लेलं. सरांनी पान उलटलं. एक जून. खाली एक जून. तिथून खाली पुऱ्या पानभर, एकाच वळणदार अक्षरात, जांभळ्या शाईनं, एक जून. शाळा जूनमध्ये भरते, त्या दिवशी पोराला सहा पूर्ण झाली एवढंच मास्तरांना कागदावर दाखवायचं होतं. वर्षामागून वर्षं गेली, मास्तर बदलले, अक्षर बदललं, तारीख तीच. मधल्या एका पानावर तेवढी कोणाची तरी बावीस फेब्रुवारी होती, आणि ती चुकून झाल्यासारखी वाटत होती.

सुलेखानं आपल्या पिशवीतून स्वतःचं आधार कार्ड काढून अतुलपुढं धरलं. "माझी पण बघ. आई म्हणते, तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस, करीला. कागदावर मात्र एक जून."

अतुलनं कार्ड उलटून पालटून बघितलं. तो शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला आणि त्यानं फोन लावला. त्याचे वडील कन्नडजवळच्या खेड्यातून शहरात आलेले, आता निवृत्त. दहा वर्षं घरात एक जूनला केक कापला जायचा. फोनवर काय बोलणं झालं ते आत ऐकू आलं नाही. तो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"बाबा म्हणतात, खरा भुईमुगाच्या काढणीत झालो," तो म्हणाला. "म्हणाले, तुम्ही हौसेनं केक आणायचात, मग कशाला सांगू."

सर मोठ्यांदा हसले. अतुलनं सुलेखापुढं हात जोडले, अर्धे चेष्टेत आणि अर्धे खरे. सुलेखाला त्या क्षणी केळवाडीच्या शाळेचं पटांगण फार मोठं दिसलं. लाल खुणा पुसल्या गेल्या होत्या. आपलं नाव तिला स्वच्छ धुतलेल्या कापडासारखं वाटलं. सरांनी सांगून टाकलं, चौसष्टही फॉर्म खरे, सगळे राहतील. आणि तो आठ दाण्यांचा मोठा आकडाही राहील.

चहाला परत सांडूआबांकडं आले. आबांची बायको चतुराबाई कपबश्या घेऊन बाहेर आली. ठेंगणी, काटक, नाकात मोरणी. सुलेखाला बघून तिनं बशी जरा जोरातच ठेवली.

"आली व्हय परत," ती म्हणाली. "मागच्या खेपेला यांना इचारलं, दाणे टाकायला लावले. मी दारात उभी राहून म्हणलं, मी टाकू का? तर म्हणे, आजी, तुमची तारीख बसत नाय."

सगळे हसले. आबा तर सर्वांत जास्त. सुलेखाही हसली आणि कप तोंडाशी नेला, आणि तो तिथंच थांबला.

चतुराबाईची तारीख. ती कोणती होती? आधार कार्डावर एक जानेवारी. ती शाळेत गेलीच नव्हती. आधारवाल्यानं विचारलं, हिला वर्षही नीट सांगता येईना, त्यानं टाकली एक जानेवारी. सुलेखाच्या डोळ्यांपुढून एकेक घर जायला लागलं. जून-जुलै महिना. घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस विचारले. म्हातारीचा जानेवारीत. सुनेचा कुठं नोव्हेंबरात. पोराचा मार्चमध्ये. आणि म्हाताऱ्याचा परवा परवा, एक जूनला. सगळ्यात अलीकडचा कोणाचा? म्हाताऱ्याचा. या घरात म्हाताऱ्याचा, त्या घरात म्हाताऱ्याचा, चौसष्टांतल्या एकावन्न घरांत ज्याचा हात लहानपणी कानाला लागला त्याचाच.

वाढदिवसाला आवाज नसतो म्हणाले होते. पण एक जूनला होता. तो मुंडाशातला, ओट्यावर बसलेला, मोठ्या आवाजाचाच माणूस होता. ज्याला टाळायचं म्हणून नियम केला, नियमानं बरोबर त्यालाच आणून बसवलं.

तिनं कप खाली ठेवला. समोर सर आनंदात होते, वहीत काहीतरी लिहीत होते. अतुलनं तिच्यासमोर हात जोडून पुरता तास झाला नव्हता. गप्प बसलं असतं तर कोणाला कळलं असतं? फॉर्म खरे होते, नाव स्वच्छ होतं, संध्याकाळी घरी जाऊन राजेंद्रला सगळं रंगवून सांगता आलं असतं. पण चतुराबाई दाराला टेकून उभी होती, मागच्या खेपेला होती तशीच, आणि सुलेखाला तिच्याकडं बघवेना.

"सर," ती म्हणाली, "माझे फॉर्म खरे आहेत. पण गाव खोटं आलंय."

तिनं समजावून सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, हात हलायला लागले. अंगणातल्या मातीत तिनं बोटानं घर काढलं, घरात चार माणसं काढली, प्रत्येकासमोर महिना लिहिला आणि एक जूनवर जोरात बोट दाबलं. सर उकिडवे बसून बघत होते. अतुलनं टॅब उघडला आणि मोजलं. त्या एकावन्नांत बायका फक्त तीन निघाल्या. चाळिशीच्या आतलं कोणीच नाही. आठ दाणे सगळ्या खेड्याचे नव्हते. ते खेड्यातल्या शाळेत गेलेल्या म्हाताऱ्यांचे होते.

सरांनी मातीतल्या त्या घरातल्या एकेका माणसावर बोट ठेवून महिने पुन्हा वाचले. वीस वर्षांत न मिळालेला आकडा त्यांच्या हातातून निसटत होता. सुलेखाला वाटलं, आता ते रागावतील. सर उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर शाळकरी पोराला नवं काही सापडल्यावर येतो तसा रंग होता.

त्यांनी विचारलं, "मग कसं निवडायचं? तुम्ही सांगा."

सुलेखाला विचार करावा लागला नाही. गावात जिथं भांडण नको असतं तिथं चिठ्ठ्या टाकतात. पाण्याची पाळी असो, भिशी असो, नाहीतर देवळात कोणाचा नैवेद्य पहिला हे असो. चिठ्ठीपुढं कोणाचं काही चालत नाही. चतुराबाईनं स्टीलचा डबा आणला. आबा, चतुराबाई, गोकुळ, गोकुळची बायको आणि कॉलेजात जाणारी नात श्रेया, अशा पाच चिठ्ठ्या झाल्या. धाकटा पोरगा सोमनाथ फौजेत होता, त्याची चिठ्ठी नाही. डबा खुळखुळवून सुलेखानं आबांच्या पुढं धरला. आबांनी हात घातला, चिठ्ठी काढली, श्रेयानं वाचली. चतुराबाई.

"बघा," चतुराबाई म्हणाली, "लांब हात कामाला आला."

उत्तर देणाऱ्याजवळ दुसऱ्यानं थांबायचं नाही, हा नियम जुनाच होता. आबांना मका दाखवायला अतुलबरोबर रानात पाठवलं. ते कुरकुरत गेले. घरातले बाकीचे मागच्या अंगणात. सर ओट्यावर पाठ करून बसले. सुलेखानं पदराची गाठ सोडून दहा दाणे चतुराबाईच्या तळहातावर ठेवले, समोर ताटली ठेवली आणि प्रश्न वाचला. पुन्हा युद्ध झालं तर त्यात देशाचं भलं होईल, असं तुम्हाला किती वाटतं?

चतुराबाईनं दाणे बोटांनी चाळवले. "देशाचं इचारतीस का माझ्या घरचं?"

"देशाचं, आजी."

तिनं एकेक दाणा टाकला. घाई केली नाही. पाच पडले, थोडी थांबली, सहावा टाकला. "एवढं. मारून जाणाऱ्याला भ्याव पायजे. आता घरचं इचार."

फॉर्ममध्ये तसा प्रश्न नव्हता. अकरा वर्षांत सुलेखानं फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न कधी विचारला नव्हता. तिनं ओट्याकडं बघितलं. सर वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "विचारा."

सुलेखानं विचारलं. आवाज तिला स्वतःलाच नवा वाटला. पुन्हा युद्ध झालं तर तुमच्या घराचं भलं होईल, असं किती वाटतं?

चतुराबाईनं ताटलीतले सहाही दाणे एकेक करून उचलले. ताटली रिकामी झाली. मग तिनं ती उपडी केली.

"चार दिवस सोमनाथचा फोन लागत नव्हता," ती म्हणाली. "हे पारावर बसून टीव्हीच्या गोष्टी सांगायचे, आणि घरी येऊन भाकरीचा तुकडा मोडायचे नाय. यांनी नऊ टाकले ना? खोटं नाय टाकलं. पण तू यांना अर्धंच इचारलंस."

ओट्यावर सरांची वही उघडी होती आणि ते भराभर लिहीत होते. त्यांनी लिहिता लिहिताच एका हातानं फोन लावला आणि कोणाला तरी सांगितलं की आजच्या विमानाचं राहू द्या, तिकीट पुढच्या आठवड्याचं करा.

आबा रानातून आले तेव्हा त्यांनाही तो दुसरा प्रश्न विचारला. आबांनी उपडी ताटली बघितली, बायकोकडं बघितलं, मुंडासं सारखं केलं.

"माझे नऊ देशाचे हायेत, त्याला हात लावू नको," ते म्हणाले. "घरचं तिला इचारलंस ना? तेच लिही."

तिथून त्या तिघांना दम नव्हता. कोणी जेवायचं नाव काढलं नाही. चतुराबाईनं बळंच हातात भाकरी आणि ठेचा दिला, तो चालता चालता खाल्ला. दुसऱ्या घरी चिठ्ठी सुनेची निघाली. तिनं देशाला नऊ टाकले, घराला चार, आणि आपल्या सासऱ्यापेक्षा चढ्या आवाजात टाकले. तिसऱ्या घरी निघाला शेळ्या राखणारा तरणा पोरगा, ज्याला भरती व्हायचं होतं. त्याचे दोन्हीकडं दहा. त्याची आई दारामागून ऐकत होती आणि तिची चिठ्ठी निघाली नव्हती. नियम तो नियम, सुलेखा म्हणाली, पण निघताना तिनं त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला. चौथ्या घरी एक म्हातारा निघाला, एक जूनचाच. तोही यायलाच पाहिजे होता. कुठल्याच घरात पुढं काय निघेल हे सांगता येत नव्हतं. सुलेखाला हे इतकं आवडत होतं की गल्लीतून ती चालत नव्हती, पळत होती, आणि परदेशात शिकवणारे सर मागून धापा टाकत येत होते. मध्येच ते म्हणाले, चौसष्ट घरं पुन्हा करावी लागतील, ताई. सुलेखा म्हणाली, करू की.

दिवस कलायला लागला होता. पाचव्या घरापाशी अतुल सगळ्यांच्या पुढं पोचला. दाराला कडी होती. त्यानं कडी वाजवायला हात वर नेला, आणि मागून सुलेखाची नजर त्याला लागली असावी. हात तिथंच थांबला. त्यानं तो खाली घेतला. अंगणाच्या कडेला येऊन बूट काढले, घसा खाकरला.

"घरात हायेत का कोणी?" त्यानं हाक दिली, आणि गोठ्यातल्या म्हशीकडं बघत उभा राहिला.